पिंपळपानाचा ठसा

वणीच्या तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून मी गेली बारा वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. फेरफाराचे, तगाईचे, शेताच्या धुऱ्यावरच्या भांडणाचे, नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या पोटगीचे, असे किती अर्ज माझ्या हातून गेले याची मोजदाद मी ठेवलेली नाही. परंतु माझ्या अर्जाचा मायना पाहून कचेरीतला कारकून पाठ ताठ करून बसतो, एवढे मी नम्रपणे नमूद करतो. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत झाले, आणि सातवीत गणिताने दगा दिला. तथापि मॅट्रिक झालेल्या माणसांनीही माझ्याकडून शब्द उसने नेले आहेत. आजवर जे लिहिले ते सर्व दुसऱ्याच्या वतीने लिहिले. हा मजकूर तेवढा माझ्या स्वतःच्या वतीने आहे, आणि त्यात माझा धाकटा भाऊ, आमचे पत्र्याचे दुकान व माझ्या हातून घडलेले एक कृत्य यांचा वृत्तांत आहे.

प्रतिवादीच्या वर्तनाविषयी लिहिताना मी 'आकस' हा शब्द वापरतो. स्वतःविषयी लिहिताना कोणता वापरावा, याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी 'मत्सर' हाच ठेवला. तो मला धाकट्याचा वाटत आला, आजही वाटतो.

माझे वडील निरक्षर. वणीपासून पाच कोसांवर आमचे गाव, आणि त्या गावात आमच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे होती. त्यांपैकी एक काम दप्तर वाहण्याचे. पटवाऱ्याचे कागद लाल फडक्यात बांधले जात, ते गाठोडे वडिलांच्या डोक्यावर दिले जाई आणि ते पायी तहसिलीत पोचवीत. चावडीच्या पायरीखाली उभे राहून ते घ्यायचे, आणि परत आणल्यावर पायरीखालूनच वर सरकवायचे. पावसाळ्यात ते घोंगडी स्वतः न पांघरता दप्तरावर घालीत, कारण अंग वाळते पण फुटलेली शाई परत जुळत नाही, असे त्यांना पटवाऱ्याने बजावले होते. वीस वर्षे त्यांनी ज्या कागदांचे ओझे वाहिले त्यांतले एक अक्षर त्यांना कळत नव्हते, आणि चावडीच्या आतली जमीन शेणाने सारवलेली आहे की फरशीची, हेही त्यांनी पाहिलेले नव्हते.

छप्पन साली त्यांनी नागपुरास जाऊन दीक्षा घेतली. परत आले ते गावकी सोडण्याचे ठरवूनच. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, ओझ्याखाली डोक्यावर घालायची चुंबळ चुलीत घातली आणि आमचे बिऱ्हाड वणीला आणले. कापसाच्या हंगामात ते जिनिंगमध्ये मजुरीला जात असत. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने त्यांना पत्रा कापण्याचे व जोडण्याचे काम शिकवले होते. त्या विद्येवर त्यांनी बाजाराच्या रस्त्याला दहा हातांची जागा घेऊन दुकान घातले. मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा, लग्न झालेला, जिनिंगच्या फाटकावर गाड्यांचे नंबर लिहिणारा. धाकटा एकोणीस वर्षांचा. तो जेमतेम तिसरी शिकलेला, सही करण्यापुरता.

दुकानात आम्ही बादल्या, तेलाची मापे, नरसाळी, दिव्याच्या चिमण्या, लग्नातल्या पेट्या, छपराच्या पन्हळी करीत असू. आई कोळसा पेटवी व डाग धरण्यासाठी नवसागर कुटून ठेवी. मी कात्रीने पत्रा कापी. वडील कडा दुमडून मोगरीने ठोकीत, आणि धाकटा तापल्या सळईने कथलाचा डाग देऊन सांधा बुजवी. कोणतेही भांडे तयार झाले की ते लगेच विकायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. चाळलेली राख फळीवर पसरायची, भांडे पाण्याने काठोकाठ भरून त्या राखेवर ठेवायचे आणि दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. संध्याकाळी भांडे उचलून खालची राख पाहायची. कोरडी असली तर भांड्याच्या बुडाला ठसा मारायचा. ओली असली तर सांधा उकलून पुन्हा काम.

हा ठसा वडिलांनी जुन्या कानशीच्या तुकड्यावर स्वतः कोरला होता. नखाएवढे पिंपळाचे पान, देठासकट. ठसा असलेले भांडे गळले तर ते आयुष्यभर फुकट दुरुस्त करून देऊ, असा त्याचा अर्थ गिऱ्हाइकांना ठाऊक होता. आणि तो कोणीही मारायचा नव्हता. ज्याच्या हातची तीन भांडी लागोपाठ राखेवर कोरडी राहतील त्यालाच तो अधिकार.

"राखीले डोये नाई, कान नाई," वडील म्हणत. "तिले कोनाची शिफारस चालत नाई."

माझी पहिली बादली राखेवरून उचलली तेव्हा खाली रुपयाएवढा काळा डाग होता. दुसऱ्या बादलीखाली त्याहून मोठा. तिसऱ्या वेळी मी बुद्धीचा वापर केला. सांध्यात आतून मेण भरले आणि वरून काजळी फासली. राख कोरडी राहिली. वडिलांनी बादली उलटी केली, नंतर सुलटी केली, आणि अंगठ्याचे नख सांध्यातून फिरवले. नखावर मेण आले. ते त्यांनी माझ्यासमोर धरले नाही की आईला दाखवले नाही. धोतराला पुसून टाकले.

"मेन उन्हात वितयते, मोठ्या," एवढेच ते म्हणाले.

त्याच महिन्यात धाकट्याची तीन भांडी कोरडी निघाली. एक माप, एक नरसाळे बूड बंद करून, आणि एक घासलेटची बुधली. वडिलांनी ठसा त्याच्या हातावर ठेवला. त्याने बुधली उलटी करून ऐरणीवर धरली व एकच घाव घातला. तो आवाज फार मोठा नव्हता. टक्. पण त्यानंतर दिवसातून दहा वेळा तो आवाज होई, आणि प्रत्येक वेळी माझी कात्री रेषेवरून सरके. आईने त्या संध्याकाळी गूळ वाटला. मला दिलेला खडा मी खाल्ला नाही, पदराआड लपवून बायकोने खाल्ला.

मी दुकान सोडले ते चार महिन्यांनी. हे काम माझ्या योग्यतेचे नाही, असे मी घरी सांगितले; आणि योग्यतेचा प्रश्न खोटा नव्हता. कचेरीसमोर बसणाऱ्या एका वृद्ध अर्जनविसाकडे मी दोन पावसाळे नकला लिहिल्या, आणि तो थकल्यावर त्याची चटई माझ्याकडे आली. माझे नाव झाले. झरी, जामणीपासून लोक येत. परंतु असे व्हायचे की, अर्जदार माझ्यासमोर बसायचा, त्याच्या बगलेत नवी बादली असायची, आणि मी लिहीत असता तो ती बादली उलटी करून बुडाशी बोट फिरवायचा.

"पानाची हाये," तो शेजारच्याला सांगे. "तिकडच्या दुकानातली. गयत नाई."

मग माझ्याकडे वळून विचारी, "तुमचेच भाऊ ना जी ते?"

माझ्या अर्जाच्या बुडाशी कोणी बोट फिरवीत नाही. अर्ज एकदा कचेरीत गेला की तो कोणाच्या अक्षरातला होता हे साहेबालाही आठवत नाही. निकाल लागला तर नशिबाने लागला, आणि नाही लागला तर अर्जनविसाने बिघडवला. धाकट्याचे काम मात्र घरोघरी रांजणाशेजारी उभे होते, आणि त्याचे पान त्याच्या खाली होते.

पंचायत समित्या नव्याने आल्या त्या वर्षीची ही गोष्ट. कारकुनाच्या तोंडून मला बातमी मिळाली की तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला कागद ठेवण्यासाठी एकेक पत्र्याची पेटी द्यायची आहे, आणि स्थानिक कारागिरांकडून अर्ज व नमुना मागवायचा आहे. फलकावर सूचना लागण्याच्या दोन दिवस आधी ती मला समजली. मी त्या दिवशी चटई लवकर गुंडाळली आणि दुकानावर गेलो. या दुकानाला माझा उपयोग आहे, हे सिद्ध करण्याची संधी मी शोधीत होतो, ती आली होती.

"बा," मी म्हणालो, "पंचायत समितीले पेट्या पायजे. दर गावाले एक. दप्तर ठेवाले."

वडिलांच्या हातातली मोगरी पत्र्यावर टेकली. "दप्तर ठेवाले?"

"हो."

"आपल्या गावालेबी?"

"सगळ्या गावाइले म्हटल्यावर आपलंच गाव कसं सुटन?"

त्यांनी मोगरी खाली ठेवली आणि डोक्याचे फडके सोडून तोंड पुसले. आई नवसागर कुटायची थांबून त्यांच्याकडे पाहू लागली.

"मंग अर्ज तुनंच लिहायचा," ते म्हणाले. "तुह्या अक्षरात. वर माह्यं नाव घाल, मालक म्हनून. खाली धाकट्याचं घाल, कारागीर म्हनून. म्या मेल्यावर दुकान त्याचं, हेबी कागदात येऊन जाईन. वीस वर्सं म्या कागद वाह्यले, पन माह्यं नाव म्हनून कोन्या कागदात हाये का नाई, मले मालूम नाई. याच्यात पायजे."

धाकट्याने सळई निखाऱ्यात परत खुपसली. "आन् दादाचं नाव कुठं घालाचं, बा?"

वडील हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हते, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. "त्याचं कायले पायजे? सारा कागदच त्याच्या अक्षराचा हाये."

आईसुद्धा हसली. मी कागद घेऊन निघालो.

आता जे लिहायचे ते स्पष्ट लिहितो. अर्जाचा पहिला कच्चा खर्डा मी वडिलांच्या सांगण्याप्रमाणेच केला होता. तो पक्का करायला बसलो, आणि 'मालक' या शब्दापाशी टाक उचलला. सरकारी कामात मालक सही करणारा असावा, अंगठेबहाद्दर मालक पाहून साहेब अर्ज बाजूला सारील, असे मी मनाशी म्हणालो. वडिलांनंतर कर्तेपण थोरल्याकडेच येते, असेही म्हणालो. या दोन्ही गोष्टी इतर कोणाच्या अर्जात मी मुद्दा म्हणून मांडल्या असत्या. मी मालकाच्या जागी माझे नाव लिहिले. वडिलांच्या अंगठ्यासाठी खाली साक्षीदाराची जागा ठेवली. आणि धाकट्याचे नाव गाळले. ते गाळण्याला मात्र कोणताही मुद्दा मला सुचला नव्हता, आणि मी तो शोधलाही नव्हता. फक्त तेवढी ओळ कोरी गेली तेव्हा छातीत थंड वाटले.

आमच्या धंद्याचा एक नियम आहे. अर्जदार निरक्षर असेल तर अर्जनविसाने त्याला संपूर्ण अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने 'बरोबर' म्हटले की मगच अंगठा घ्यायचा, आणि शेवटी 'अर्ज वाचून दाखविला, समजला, मान्य आहे' असे लिहून त्याखाली स्वतःची सही करायची. ती ओळ मी हजारदा लिहिली असेल. दुकानात, ऐरणीशेजारी बसून, मी वडिलांना अर्ज वाचून दाखवला. डोळे कागदावरच ठेवले आणि जे लिहिलेले नव्हते ते वाचले. आवाज अडखळला नाही. तो माझा सरावच आहे. वडील डोळे मिटून ऐकत होते.

"नावाची ओळ पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी पुन्हा वाचली. मालक म्हणून त्यांचे नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. खाली कारागीर म्हणून धाकट्याचे. धाकटा सळई हातात धरून ऐकत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. वडिलांनी हाताची काजळी राखेने घासून धुतली, अंगठा शाईत बुडवला, आणि मी बोट ठेवले तिथे तो उमटवला. अंगठा उठल्यावर ते कागदाकडे खाली वाकून पाहत राहिले, शाई वाळेपर्यंत. मग मी ती ओळ लिहिली, आणि सही केली.

आठ दिवसांत धाकट्याने नमुन्याची पेटी केली. तिच्या झाकणाला सभोवार त्याने एक बारीक पन्हळ ठेवली होती. मी तिचे कारण विचारले नाही. मालकाने कारागिराला असे प्रश्न विचारायचे नसतात, असे मला त्या दिवसांत वाटू लागले होते.

नमुना दाखवण्यासाठी आम्हां तिघांना गटविकास अधिकाऱ्यांसमोर बोलावणे आले. कारकुनाने दारातून पुकारा केला: पत्र्याच्या दुकानाचे मालक, आणि पुढे माझे नाव. वडिलांनी मागे वळून पाहिले. माझ्याच नावाचा दुसरा कोणी दुकानदार आपल्याआधी असावा, असे त्यांना वाटले. मी पुढे झालो, तेव्हा ते जागच्या जागी राहिले.

साहेबांनी पेटी चाचपली, झाकण उघडले, मिटले. "ही पन्हळ कशासाठी?"

ते माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो, "ती, साहेब, शोभेसाठी आहे."

"शोभेसाठी?"

मागून धाकट्याचा आवाज आला. "साहेब, चावडीचं छप्पर गयते. वरून पानी पडलं तं ते त्या पन्हयीतून मागं चाल्लं जाते. कागदावर नाई येत."

साहेबांनी टेबलावरचा तांब्या उचलला व झाकणावर ओतला. पाणी पन्हळीतून फिरून मागच्या बाजूने फरशीवर सांडले. त्यांनी झाकण उघडून आत हात फिरवला आणि कोरडा हात कारकुनाला दाखवला. पेटी उलटी करून बुडाचे पिंपळपान पाहिले.

"कारागीर हुशार आहे. याचे नाव अर्जात असेलच?"

कारकुनाने कागद चाळला. "नाही साहेब. मालक हे एकटेच आहेत. आणि खाली एका साक्षीदाराचा अंगठा."

  वडिलांनी आपला उजवा हात वर घेऊन अंगठ्याकडे पाहिले आणि तो मुठीत मिटला. साहेबांनी नमुना मंजूर केला. माझ्या नावाने.

बाजाराच्या रस्त्याने वडील पुढे चालत होते, आम्ही मागे. दुकानात शिरल्यावर त्यांनी आईला बाहेर जायला सांगितले नाही, की दाराचे झापही लावले नाही. फळीवर बसले.

"नक्कल हाये ना तुह्यापाशी?"

"आहे, बा."

"तुनं मले वाचून दाखवलं होतं."

"हो."

"दोनदा."

"हो, बा."

"आता तिसऱ्यानं वाच. जे लिवलं हाये ते."

मी वाचले. या खेपेला मात्र आवाज अडखळला. संपल्यावर धाकटा म्हणाला, "राहू द्या ना, बा. दादाचं नाव काय आन् आपलं काय. घरातल्या घरातच तं हाये."

मला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा ठसा मिळाला तेव्हाही आला नव्हता. त्याने मला शिवी दिली असती, सळई फेकून मारली असती, तर मी उत्तर तयार ठेवले होते. माझा गुन्हा तो पाण्यासारखा ओतून देत होता, आणि तसे करण्याइतका तो माझ्यापेक्षा सुखी होता.

"तू चूप," वडील त्याला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पटवाऱ्यानं मले फसवलं असन तं फसवलं असन. मले वाचता येत नाई हे त्याले मालूम होतं. पन तुले म्या सातवीपर्यंत कायले शिकवलं, मोठ्या? घरात एक वाचनारा पायजे म्हनून."

 दुरुस्तीचा अर्ज लिहायला मात्र त्यांनी मलाच सांगितले. मी तिथेच लिहिला, सारे खरे. मालक, कारागीर, आणि पूर्वीच्या अर्जात अर्जनविसाच्या हातून चूक झाल्याचा उल्लेख. 'चूक' हा शब्द मी घातला, त्यांनी विचारला नाही. वाचून दाखवला. शाईची डबी पुढे केली. त्यांनी अंगठा पुढे केला नाही.

"उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी चटईवर बसलो होतो. वडील आले, माझ्यापुढून गेले, आणि त्याच कडुनिंबाच्या पलीकडच्या अंगाला बसणाऱ्या दुसऱ्या अर्जनविसासमोर उकिडवे बसले. हा इसम प्रत्येक ओळीत दोनदा 'मेहेरबान' लिहितो आणि त्याला शब्दांची निवड म्हणजे काय हे ठाऊक नाही. वडिलांनी त्याच्या हातात माझ्या अक्षरातला अर्ज दिला.

"वाचून दाखवा जी."

त्याने अक्षर ओळखले. चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले आणि दहा माणसांना ऐकू जाईल असे बोलला, "काय हो, हे तं तुमच्याच घरचं! तुम्ही वाचलं नाई का?"

मी टाक पुसत होतो. उत्तर वडिलांनी दिले.

"त्यानं लिवलं. आमच्यात रीत हाये, खाली राख घालून पाहाची."

त्या इसमाला काही कळले नाही, तो उगाच हसला. पण त्याने अर्ज वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, कीर्तनकारासारखा खडा सूर लावून, आणि 'चूक' या शब्दावर थांबून घसा साफ केला. वडील डोळे मिटून ऐकत होते. नावाची ओळ आली तेव्हा ते म्हणाले, "पुन्हा." त्याने पुन्हा वाचली. मग त्यांनी अंगठा दिला, आणि 'वाचून दाखविला, समजला, मान्य आहे' या ओळीखाली त्या माणसाने आपली वेडीवाकडी सही केली. माझ्या लेखनाखाली त्याची सही. त्या दिवसापासून आमच्या दुकानाचा प्रत्येक कागद लिहितो मी, आणि वाचून दाखवतो तो. काही महिने तर माझे इतर अर्जदारही माझ्याकडून लिहून घेऊन त्याच्याकडे उठून जात.

हुकूम दुरुस्त होऊन वडिलांच्या नावाने आला. पेट्या तयार व्हायला पावसाळा उजाडला. पहिली पेटी आमच्या गावची असावी, असे वडिलांनी ठरवले होते. एस.टी. फाट्यापर्यंतच जाई, पुढे चिखलाची वाट. पेटी पोचवायला ते व धाकटा गेले. मला बोलावले नाही, आणि मी जातो असे म्हणालो नाही. त्या दिवशी मी गोठ्याच्या भिंतीचा एक अर्ज लिहीत होतो आणि त्यात वादीचे व प्रतिवादीचे नाव उलटसुलट केले.

काय झाले ते धाकट्याने जेवताना सांगितले. वाटेत त्याने पेटी डोक्यावर घ्यायला उचलली, तर वडील म्हणाले, "डोक्यावर नाई न्यायची." दोघांनी दोन बाजूंनी कड्या धरून नेली. चावडीशी गेल्यावर आतून कोणीतरी म्हणाले, "ठेवा तिथंच, पायरीवर." वडिलांनी पाय पुसले. "पावसाचे दिवस हायेत, आतच ठेवतो," म्हणाले, आणि पायरी चढून आत गेले.

"फरशी हाये, माय, आतमधी," धाकटा आईला म्हणाला. "शहाबादी. बा पाहतच राह्यले खाली."

आईने डोळ्याला पदर लावला. वडील भाकरी मोडत होते. मी मान खाली घालून जेवलो. मला लाज वाटत होती हे खरे; पण तिच्याहून मोठी गोष्ट अशी की, त्या पेटीची दुसरी कडी धाकट्याच्या हातात होती. वडिलांना त्या पायरीवरून आत जाताना पाहणारा मुलगा तो होता. ते पाहण्याचा अधिकार माझा होता, थोरल्याचा, आणि तो मी माझ्या सुरेख अक्षराने स्वतःच्या हाताने घालवला होता. मला त्याचा हेवा वाटला. आजही त्या फरशीचा विषय निघाला की मी उठून हात धुतो.

दिवाळीच्या सुमारास एके दुपारी धाकटा कडुनिंबाखाली आला. त्याच्या हातात लहानशी पेटी होती, टाक, दौत, मुद्रांक आणि टिपकागद बसेल अशी. झाकणाला तीच पन्हळ.

"दादा, तुमची लाकडाची फुटून राह्यली. पावसात कागद भिजतात. घ्या."

"किती द्यायचे?"

"कायले लाजवता?" असे म्हणून तो गेला. पलीकडच्या अर्जनविसाने मान लांब करून पाहिले.

मी पेटी उलटी केली. बुडाला पिंपळपान होते, स्पष्ट, देठासकट. ती मी घरी नेली. दुसरा दिवस रविवार. बायको धुणे वाळत घालीत होती, तेव्हा मी चुलीतली राख चाळली, फळीवर पसरली, पेटी पाण्याने काठोकाठ भरली आणि राखेवर ठेवली. हे का केले ते स्पष्ट लिहितो. ती गळावी अशी माझी इच्छा होती. नखाएवढा डाग पडला असता तरी मी तो जपून ठेवला असता. दुपारभर मी दारात बसून होतो. दोनदा मुलांना तिकडे जाऊ दिले नाही.

दिवेलागणीला मी पेटी उचलली, आणि राखेवर बोट फिरवले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग गुडघे टेकून पुन्हा फिरवले.

बायको कंदील घेऊन मागे उभी होती. "काय पाहून राह्यले जी एवढं? गयली का?"

"नाही," मी म्हणालो.

पाणी अंगणात ओतले, पेटी धोतराने आतून पुसली, आणि सोमवारी तीत टाक-दौत घालून कचेरीत गेलो. हा मजकूर मी तिच्याच झाकणावर कागद ठेवून लिहीत आहे. माझ्याखेरीज तो अद्याप कोणी वाचलेला नाही. वडिलांसमोर वाचायचा झाला, तर पलीकडच्या त्या माणसाला बोलवावे लागेल.